राष्ट्राची स्थूल बचत : वागळे इस्टेट आणि आफ्रिकेतील दोन देश

कोणत्याही राष्ट्राच्या आर्थिक प्रगतीचा विचार करताना उत्पादन, रोजगार आणि दरडोई उत्पन्न यांच्या आकड्यांकडे प्रथम लक्ष जाते. त्या मानाने ‘राष्ट्रीय स्थूल बचत’ हा आकडा काहीसा उपेक्षित राहतो. वस्तुतः राष्ट्र आज जे मिळवते त्यातील किती भाग उद्यासाठी राखून ठेवते, याचे उत्तर याच आकड्यात असते. नवे कारखाने, पाटबंधारे, शाळागृहे, रस्ते आणि वीजकेंद्रे ही सर्व याच राखून ठेवलेल्या भागातून उभी राहतात. बचत अपुरी पडली तर एक तर विकासाचा वेग मंदावतो, किंवा इतरांकडून कर्ज घेऊन तो टिकवावा लागतो. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, तो कसा वाचावा आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढू नये, हे शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या विषयाचे आकलन होण्यासाठी दोन ठिकाणची उदाहरणे उपयोगी पडतील. एक अगदी जवळचे, म्हणजे ठाण्याच्या वागळे इस्टेटचे. दुसरे दूरचे, म्हणजे आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील बोट्सवाना आणि लेसोथो या दोन देशांचे. हे दोन्ही देश १९६६ साली अवघ्या काही दिवसांच्या अंतराने स्वतंत्र झाले. परंतु त्यांच्या बचतीचा पुढील इतिहास मात्र अगदी भिन्न आहे.

बचत कोण करते?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्याच्या आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांत वागळे इस्टेटची गणना होते. मुंबईच्या सीमेला लागून असलेल्या या क्षेत्रात आखीव रस्ते, पाणी व वीज यांची सोय झाली. मोठ्या कारखान्यांबरोबरच लेथ, प्रेस, डाय, मोल्डिंग अशी कामे करणारे असंख्य छोटे वर्कशॉप येथे उभे राहिले. भोवतीच्या किसननगर, रामनगर, इंदिरानगर यांसारख्या वस्त्यांत कामगारांनी संसार थाटले. डोंबिवली, कल्याण आणि त्यापलीकडून रोज लोकलने येणाऱ्यांची त्यात भर पडली.

या एकाच क्षेत्रात बचत करणारे तिन्ही घटक एकत्र पाहावयास मिळतात. पहिला घटक कुटुंबांचा. कामगार आपल्या वेतनातून घरखर्च भागवून जे मागे टाकतो, ती कुटुंबाची बचत होय. भविष्यनिर्वाह निधीसाठी कापली जाणारी रक्कम, पोस्टातील आवर्ती ठेव, बँकेतील खाते, विम्याचा हप्ता आणि गावी बांधलेली घराची खोली ही तिची निरनिराळी रूपे आहेत. दुसरा घटक कंपन्यांचा. कंपनी नफ्यातून कर भरते, भागधारकांना लाभांश देते आणि उरलेला नफा व्यवसायातच ठेवते. ती तिची बचत. तिसरा घटक शासनाचा. केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका आणि ग्रामपंचायती यांचे चालू उत्पन्न चालू खर्चापेक्षा अधिक असेल, तर तो अधिक्य भाग म्हणजे सार्वजनिक बचत होय. चालू खर्च जास्त असेल तर सार्वजनिक बचत उणे होते आणि इतरांच्या बचतीतून ती तूट भरून निघते.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घेतली पाहिजे. राष्ट्रीय हिशेबात ‘कुटुंब क्षेत्र’ या संज्ञेत केवळ घरे येत नाहीत. एकट्या मालकाचे छोटे वर्कशॉप, दुकान, शेती असे कंपनी म्हणून न नोंदविलेले व्यवसायही त्यात मोडतात. त्यामुळे वागळे इस्टेटमधील एखाद्या मालकाने वर्षभराच्या कमाईतून नवे लेथयंत्र घेतले, तर तेही कुटुंब क्षेत्राची ‘भौतिक बचत’ म्हणून गणले जाते. भारतात कुटुंबांचा वाटा एकूण बचतीत सर्वांत मोठा का दिसतो, याचे एक कारण येथे आहे.

स्थूल आणि निव्वळ

‘स्थूल’ या शब्दाचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वर्कशॉपची वर्षाची विक्री ४० लाख रुपये आहे असे समजू. कच्चा माल, वीज व इतर सामग्री यांवर २२ लाख गेले. उरलेल्या १८ लाखांतून कामगारांचे वेतन ९ लाख, व्याज, भाडे व कर ४ लाख आणि मालकाच्या घरखर्चासाठी उचल २ लाख असा विनियोग झाला. शिल्लक राहिले ३ लाख. ही त्या वर्कशॉपची स्थूल बचत. परंतु त्याच वर्षात यंत्रांची झीज होऊन त्यांचे मूल्य २ लाखांनी घटले असेल, तर खऱ्या अर्थाने भर पडली ती १ लाखाची. घसारा वजा करण्यापूर्वीची ती स्थूल आणि वजा केल्यानंतरची ती निव्वळ बचत होय.

राष्ट्राच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. जुने पूल, जुनी यंत्रे आणि जुन्या जलवाहिन्या झिजत असतात. स्थूल बचतीचा आकडा मोठा असूनही ती सारी झिजलेल्या साधनांच्या जागी नवी आणण्यातच खर्च होत असेल, तर राष्ट्र जागच्या जागीच राहते. उलट, घसाऱ्याचा अंदाज बांधणे अवघड असते व प्रत्येक देशाची पद्धत वेगळी असते. म्हणून देशादेशांची तुलना करताना सहसा स्थूल बचतीचाच आकडा घेतात आणि तो एकूण उत्पन्नाच्या टक्केवारीत मांडतात. रुपये, पुला आणि लोटी या भिन्न चलनांची व लहानमोठ्या देशांची तुलना त्यामुळेच शक्य होते.

बचत कशाला म्हणू नये?

व्यवहारात आपण ज्याला बचत म्हणतो, ते सर्वच राष्ट्रीय हिशेबात बचत ठरत नाही. वीस कामगारांची भिशी घ्या. दरमहा प्रत्येकाने पैसे घातले आणि एकाने ती रक्कम उचलली. एकाचे येणे ते दुसऱ्याचे देणे असल्याने गटाची एकत्रित संपत्ती केवळ या देवघेवीने वाढत नाही. उचललेल्या रकमेतून शिवणयंत्र घेतले तर भांडवल उभे राहिले. समारंभावर खर्च झाला तर ती इतरांची बचत एकाच्या उपभोगात विरली. कर्जाचेही तसेच आहे. एका हाताने ठेव ठेवली आणि दुसऱ्या हाताने तितकेच कर्ज काढले, तर निव्वळ वित्तीय बचत शून्य.

जमिनीच्या किमतीतील वाढ ही तर सर्वांत फसवी बाब आहे. ठाण्यात जागेचे भाव गेल्या काही दशकांत अनेक पटींनी वाढले. जागेचा ताबा वा हक्क हस्तांतरित करून मिळालेली रक्कम एखाद्याच्या हाती मोठी दिसते. परंतु राष्ट्राच्या दृष्टीने त्यात काहीही नवे निर्माण झालेले नसते. एकाची मालमत्ता दुसऱ्याकडे गेली, इतकेच. मालमत्ता विकून आलेल्या पैशावर घरखर्च चालविणे म्हणजे मूळ भांडवल खाणे होय. हा मुद्दा पुढे बोट्सवानाच्या संदर्भात पुन्हा उपयोगी पडेल.

देशांतर्गत आणि राष्ट्रीय

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. देशाच्या सीमांच्या आत झालेल्या उत्पादनातून उपभोग वजा केल्यास ‘देशांतर्गत बचत’ मिळते. त्यात परदेशातून आलेले वेतन, व्याज, नफा व नातलगांनी पाठविलेल्या रकमा मिळविल्या आणि परदेशी गेलेल्या रकमा वजा केल्या, तर ‘राष्ट्रीय बचत’ हाती येते.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा भेद मनीऑर्डरच्या उदाहरणाने सहज पटेल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या जिल्ह्यांतील अनेक गावांचे संसार मुंबई-ठाण्याहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर वर्षानुवर्षे चालले. समजा, एखाद्या गावात वर्षभरात १०० रुपयांचे उत्पादन होते, परंतु गावाचा खर्च १४० रुपये आहे आणि बाहेरून ७० रुपये येतात. गावातील उत्पादनाच्या हिशेबाने त्याची बचत उणे ४० रुपये ठरेल. बाहेरून आलेले उत्पन्न धरल्यास तेच गाव ३० रुपये बचत करते असे दिसेल. दोन्ही आकडे खरे आहेत. पण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला आकडा गावाच्या स्वतःच्या उत्पादनशक्तीविषयी बोलतो, तर दुसरा त्याच्या हाती येणाऱ्या पैशाविषयी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि तो दीर्घकाळ लांबला, तेव्हा या दुसऱ्या आकड्यावर विसंबण्यातील धोका कोकण व घाटमाथ्यावरील अनेक घरांना प्रत्यक्ष अनुभवावा लागला.

दोन देश, एक आरंभ

बोट्सवाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी आणि लेसोथो ४ ऑक्टोबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला. तत्पूर्वी बेचुआनालँड आणि बासुटोलँड या नावांनी दोन्ही प्रदेश ब्रिटिश अमलाखाली होते. दोन्ही देशांना समुद्रकिनारा नाही. लेसोथो तर चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. क्षेत्रफळात मात्र मोठी तफावत आहे. लेसोथो सुमारे ३० हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ देश, तर बोट्सवाना महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट विस्ताराचा, पण त्याचा बराच भाग कालाहारीच्या रुक्ष प्रदेशाने व्यापलेला. लोकसंख्या आज दोन्हीकडे वीस ते पंचवीस लाखांच्या दरम्यान आहे. म्हणजे २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर असलेल्या ठाणे शहराहून थोडी अधिक.

स्वातंत्र्याच्या वेळी दोन्ही देश अत्यंत दरिद्री होते. शेती पावसावर अवलंबून, उद्योग जवळजवळ नाहीत, शासनाचा चालू खर्चदेखील ब्रिटिश अनुदानाच्या आधाराने चालणारा. दोन्हीकडील तरुण दक्षिण आफ्रिकेतील खाणींत करारावर कामाला जात. दोन्ही देश दक्षिण आफ्रिकेसह एकाच सीमाशुल्क संघाचे सदस्य होते व आजही आहेत. देशांतर्गत बचत दोन्हीकडे नाममात्र वा उणे होती. तुलनेसाठी याहून अनुकूल जोडी क्वचितच सापडेल.

लेसोथो : बाहेरच्या कमाईवरील बचत

लेसोथोत लागवडीयोग्य जमीन फार थोडी. त्यामुळे खाणकामगारांचे वेतन हाच देशाचा प्रमुख आधार बनला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक लाखाहून अधिक पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोने व कोळशाच्या खाणींत कामाला होते. त्यांच्या कमाईतून मागे राहिलेल्या कुटुंबांचा उपभोग चाले. परिणामी देशातील एकूण उपभोग देशातील एकूण उत्पादनाहून अधिक राहिला आणि देशांतर्गत बचत कित्येक दशके शून्याच्या खाली दिसत आली. राष्ट्रीय स्थूल बचत मात्र, परदेशी वेतन हिशेबात धरल्यामुळे, धन बाजूला राहिली. वर दिलेल्या गावाच्या उदाहरणाचे हे राष्ट्रीय रूप होय.

या कमाईचा काही भाग भांडवलात रूपांतरित व्हावा म्हणून तेथील शासनाने १९७४ साली एक कायदा केला. कामगाराच्या वेतनाचा मोठा हिस्सा, आरंभी ६० टक्के, करार संपेपर्यंत स्वदेशातील लेसोथो बँकेत राखून ठेवण्याची ही योजना होती. पुढे ते प्रमाण ३० टक्क्यांवर आणण्यात आले. आपल्याकडील भविष्यनिर्वाह निधीची आठवण करून देणारी ही सक्तीची बचत होती. बँकेत पैसा जमा झाला. परंतु देशात कर्ज घेऊन उद्योग काढणारे थोडे होते. ठेवींच्या मानाने कर्जवाटप अल्प राहिले आणि निधीचा बराच भाग देशाबाहेर गुंतविला गेला. बचत झाली, पण ती घरच्या उत्पादनशक्तीत उतरली नाही. बचत आणि गुंतवणूक या दोन स्वतंत्र क्रिया आहेत व त्यांना जोडणारा दुवा आपोआप निर्माण होत नाही, हा यातील मुख्य बोध आहे.

१९९० नंतर सोन्याच्या खाणींतील कामगारकपात सुरू झाली. लेसोथोतील खाणकामगारांची संख्या उतरत जाऊन पूर्वीच्या एका लहान हिश्श्यावर आली. याच काळात इतर मार्गही निघाले. १९८६ च्या करारान्वये डोंगरी नद्यांचे पाणी अडवून दक्षिण आफ्रिकेच्या औद्योगिक पट्ट्याला देण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला व १९९८ पासून पाणी जाऊ लागले. त्याचे स्वामित्वशुल्क शासनाला मिळते. २००० नंतर अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी कपडे शिवणारे कारखाने वाढले व हजारो स्त्रियांना देशातच रोजगार मिळाला. तरीही शासनाच्या उत्पन्नाचा मोठा भाग सीमाशुल्क संघाच्या वाटपातून येतो आणि तो वर्षावर्षाला खालीवर होतो. बचतीचा आलेखही त्याबरोबर हेलकावे घेतो.

बोट्सवाना : खनिजाचे भांडवलात रूपांतर

स्वातंत्र्यानंतर एका वर्षातच, १९६७ साली, बोट्सवानातील ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा आढळला. १९७१ मध्ये तेथील खाण सुरू झाली आणि १९८२ मध्ये ज्वानेंग येथील अधिक समृद्ध खाण कार्यान्वित झाली. खनिज सापडल्याने देश श्रीमंत होतोच असे नाही. आफ्रिकेत याच्या उलट उदाहरणेही आहेत. बोट्सवानाचे वेगळेपण त्याने खनिजाच्या पैशाची जी व्यवस्था लावली, तीत आहे. १९७५ च्या करारानुसार खाण कंपनीत शासनाचा हिस्सा ५० टक्के झाला. त्याच सुमारास देशाची मध्यवर्ती बँक स्थापन झाली आणि १९७६ मध्ये ‘पुला’ हे स्वतंत्र चलन आले. पुला या शब्दाचा अर्थ ‘पाऊस’. अवर्षणाने गांजलेल्या देशाने आपल्या नाण्याला दिलेले हे नाव अर्थपूर्ण आहे.

राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले, आधी वित्तमंत्री राहिलेले क्वेट मासिरे यांच्या कारकिर्दींत एक तत्त्व रूढ झाले. हिरा हे एकदाच विकता येणारे भांडवल आहे. त्याचे उत्पन्न चालू खर्चासाठी नसून शाळा, दवाखाने, रस्ते, पाणीपुरवठा आणि वित्तीय ठेवी अशा दुसऱ्या प्रकारच्या भांडवलासाठी आहे, हे ते तत्त्व. घरची जागा विकून आलेल्या पैशात दुसरी मिळकत घ्यावी, तो पैसा दैनंदिन खर्चात घालू नये, या आपल्याकडील जुन्या शहाणपणाशी हे जुळते. शासनाने खर्चावर मर्यादा घातल्याने सार्वजनिक बचत प्रचंड वाढली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे अनेक वर्षे राष्ट्रीय स्थूल बचत एकूण उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास राहिली. देशात तितकी गुंतवणूक सामावत नसल्याने उरलेला निधी परकीय चलनात साठविण्यात आला व १९९४ पासून दीर्घ मुदतीसाठी स्वतंत्र ‘पुला निधी’ ठेवण्यात आला. एच. आय. व्ही.च्या साथीने देश ग्रासला असता २००२ पासून रुग्णांना मोफत औषधोपचार देण्याचे धाडस बोट्सवाना करू शकला, त्यामागे ही साठवण होती.

तुलना कशी वाचावी?

दोन्ही देशांचे आलेख शेजारी ठेवले म्हणजे चार गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लेसोथोत राष्ट्रीय बचत देशांतर्गत बचतीहून बरीच मोठी, कारण कमाई बाहेरून आत येते. बोट्सवानात हिऱ्यांच्या भरभराटीच्या काळात याच्या उलट स्थिती होती. खाणीतील परकीय भागीदाराचा नफा बाहेर जात असल्याने देशांतर्गत बचत राष्ट्रीय बचतीहून मोठी दिसे. म्हणून तुलना करताना दोन्हीकडे एकच व्याख्या वापरली आहे ना, हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरी, बचत कोण करते हे आकड्याइतकेच महत्त्वाचे. बोट्सवानात मुख्य बचतकर्ता शासन होते. सामान्य कुटुंबांच्या हाती त्या मानाने थोडे राहिले आणि उत्पन्नातील विषमता तेथे आजही तीव्र आहे. ४० टक्के बचतीचा देश म्हणजे ४० टक्के बचत करणारी कुटुंबे नव्हेत.

तिसरी, एकाच वर्षाचा आकडा दिशाभूल करतो. २००९ च्या जागतिक मंदीत हिऱ्यांची मागणी कोसळताच बोट्सवानातील खाणी काही काळ थांबवाव्या लागल्या आणि बचतीचा दर घसरला. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांची स्पर्धा वाढल्यावर, २०२३ पासून, पुन्हा तोच अनुभव अधिक तीव्रतेने आला आणि साठविलेल्या निधीतून खर्च भागविण्याची वेळ आली. दहा-वीस वर्षांचा कल पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

चौथी, खनिजावर जगणाऱ्या देशाची स्थूल बचत त्याच्या खऱ्या बचतीहून मोठी भासते. कारण भूगर्भातील साठा घटत असतो व तो घसाऱ्यात धरलेला नसतो. म्हणूनच जागतिक बँक स्थूल बचतीतून यंत्रांची झीज आणि नैसर्गिक साधनांचा ऱ्हास वजा करून, शिक्षणावरील खर्च मिळवून, ‘समायोजित बचत’ नावाचा आकडाही काढत आली आहे. या कसोटीवरही बोट्सवाना बऱ्याच खनिजसंपन्न देशांहून सरस ठरला, हे त्याच्या धोरणाचे यश मानावे लागेल.

भारताचा अनुभव

भारताचा मार्ग या दोहोंपेक्षा निराळा आहे. १९५०-५१ मध्ये देशाची स्थूल बचत उत्पन्नाच्या साधारण ९ टक्के होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती २० टक्क्यांच्या घरात पोचली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर झालेला शाखाविस्तार, पोस्टातील अल्पबचत आणि आखाती देशांतून येऊ लागलेल्या रकमा यांचा त्याला हातभार लागला. या अंदाजांची पद्धत तपासण्यासाठी नेमलेल्या प्रा. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९८२ मध्ये आपला अहवाल दिला. २००७-०८ मध्ये हा दर ३६ टक्क्यांच्या पुढे गेला होता. अलीकडील वर्षांत तो ३० टक्क्यांच्या आसपास आहे. या सर्व काळात प्रमुख बचतकर्ता कुटुंब क्षेत्रच राहिले. भारताची बचत कोणा एका खाणीवर अवलंबून नाही. ती कोट्यवधी लहान हातांतून येते. हेच तिचे बळ होय.

या बळाला अलीकडे एक ओहोटी लागल्याचे दिसते. २०२०-२१ या साथीच्या वर्षात कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत उत्पन्नाच्या ११ टक्क्यांवर गेली होती. २०२२-२३ मध्ये ती ५ टक्क्यांच्या आसपास उतरली. ठेवी बंद झाल्या असे नाही. परंतु त्याच वर्षी कुटुंबांच्या कर्जात जवळजवळ ६ टक्क्यांची भर पडली. यातील काही कर्ज घरासाठी आहे व घर हे भौतिक बचतीत मोडते. जे कर्ज केवळ उपभोगासाठी आहे, ते मात्र उद्याची मिळकत आज खर्च करते. या दोहोंत फरक करण्याची सवय कुटुंबांना लागणे आवश्यक आहे.

बचतीला स्थानिक वाट

लेसोथोच्या उदाहरणाने बचत व गुंतवणूक यांतील दुव्याचे महत्त्व दाखविले. ठाणे परिसरात हा दुवा बांधण्याचे काम राष्ट्रीयीकृत बँकांबरोबर नागरी सहकारी बँकांनीही केले. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ मध्ये आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ मध्ये स्थापन झाली. नोकरदारांच्या छोट्या ठेवी आणि छोट्या उद्योजकांची भांडवलाची गरज एकाच परिसरात होती. त्यांची गाठ या संस्थांनी घालून दिली. ठाणे जनता सहकारी बँकेचे मुख्य कार्यालय वागळे इस्टेटमध्येच असावे, हे या दृष्टीने समर्पक आहे. ठेवीदाराचा विश्वास हा या दुव्याचा प्राण असतो. बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण असून त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये प्रत्येक ठेवीदारामागे एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली, ही माहिती ग्रामीण भागातही पोचली पाहिजे.

वागळे इस्टेटचे रूपही पालटले आहे. अनेक कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची संकुले व कार्यालये आली. बचतीच्या दृष्टीने या बदलाची कसोटी सोपी आहे. जुन्या भांडवलातून मोकळा झालेला पैसा नव्या उत्पादक साधनांत व माणसांच्या कौशल्यात गेला, तर ते बोट्सवानाच्या तत्त्वाचे पालन ठरेल. तो केवळ जागेच्या वाढत्या किमतीत फिरत राहिला, तर आकडे फुगतील, पण उत्पादनशक्ती वाढणार नाही.

पंचायत, शाळा आणि कार्यालय

राष्ट्रीय बचत हा दिल्लीत तयार होणारा आकडा असला तरी त्याचे घटक गावोगावी आहेत. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आपल्या अंदाजपत्रकाकडे या दृष्टीने पाहावे. घरपट्टी, पाणीपट्टी व इतर चालू उत्पन्नातून वेतन, वीजदेयक व दुरुस्ती यांचा खर्च भागून काही उरते काय? उरत असेल, तर ती पंचायतीची खरी बचत. एखाद्या बांधकामासाठी आलेले अनुदान वर्षअखेर अखर्चित राहिले, तर ती बचत नव्हे, ते केवळ न झालेले काम होय. त्याचप्रमाणे पाणीयोजनेचा पंप दहा वर्षांनी बदलावा लागणार असेल, तर त्याच्या झिजेची तरतूद दरवर्षी बाजूला ठेवणे म्हणजे स्थूल व निव्वळ यांतील भेद व्यवहारात आणणे होय.

पंचायतीला आणखी एक उपयुक्त आकडा मिळू शकतो. राष्ट्रीय हिशेबात जिल्हावार बचत दिली जात नाही. परंतु बँकांच्या ठेवी आणि त्यांच्या तुलनेत दिलेली कर्जे यांचे जिल्हावार आकडे रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. ज्या जिल्ह्यात ठेवी भरपूर आणि कर्जवाटप अल्प, तेथील बचत अन्यत्र कामी येत आहे असे समजावे. मनीऑर्डरीवर जगलेल्या जिल्ह्यांनी या प्रमाणाकडे विशेष लक्ष द्यावे. बचत गटांतील स्त्रियांच्या हाती जमा झालेला निधी शेळीपालन, प्रक्रिया उद्योग वा शिवणकाम यांच्याकडे वळविणे हा त्यावरील एक हाताशी असलेला उपाय आहे.

शिक्षकांना या विषयात मोठा वाव आहे. शाळांतील संचयिकेने विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना पैसे मागे टाकण्याची सवय लावली. आज त्या सवयीला हिशेबाची जोड हवी. कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न, खर्च, ठेव आणि कर्ज यांचा काल्पनिक ताळेबंद वर्गात मांडून, ठेवीतून नवे कर्ज वजा केल्यावर काय उरते, हे विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल. नकाशावर बोट्सवाना व लेसोथो दाखवून, एकाच वेळी स्वतंत्र झालेल्या दोन देशांची वाटचाल भूगोल, इतिहास व गणित या तिन्ही तासांना शिकविता येईल.

बोट्सवानाला हिरे सापडले आणि लेसोथोला ते त्या प्रमाणात सापडले नाहीत, एवढ्यावर हा विषय संपत नाही. लेसोथोच्या कामगारांनीही घाम गाळून मिळविले व मागे टाकले. त्या पैशाला घरच्या मातीत रुजण्यास जागा मिळाली नाही. बोट्सवानाने पैसा राखला. परंतु तो मुख्यतः एकाच खनिजावर उभा राहिल्याने आज त्याला नव्या वाटा शोधाव्या लागत आहेत. महाराष्ट्राला या दोन्ही अनुभवांतून शिकण्यासारखे आहे. वागळे इस्टेटमधील कामगाराने मागे टाकलेला रुपया गावच्या घरी, बँकेच्या शाखेत किंवा शेजारच्या वर्कशॉपमधील यंत्रात कोठे पोचतो, यावर त्या रुपयाचे मोल ठरते. तो योग्य ठिकाणी पोचेल अशी वाट तयार करणे, हे पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक स्तरावरील संस्थांचे काम आहे.